पेव

मिरजेला, स्टेशनमागच्या लॅबमध्ये, तिसऱ्या मजल्यावर
मी माणसांच्या आतड्यांचे पापुद्रे कापते.
चार मायक्रॉन. कांद्याचा पापुद्रा यापुढे घोंगडी.
कोमट पाण्यावर तरंगवायचे,
काचेवर अलगद झेलायचे,
निळ्यात बुडवायचे आणि थांबायचं.
अर्धा तास. तेवढ्यात डबा होतो.

निळे होतात ते चंबू.
कुपवाडे सर गॉब्लेट म्हणतात, परीक्षेत चषक लिहायचं असतं.
मला ते चंबूच वाटतात, गच्च भरलेले,
पोकळीकडे तोंड करून ओळीनं बसलेले.
शेंबूड म्हणाल तर शेंबूडच असतो त्यांत.
तो सांडतो, पाणी पितो, फुगत जातो
आणि भिंतीला लिंपण होऊन बसतो.

लिंपणाचा आतला हात घट्ट, तिथं कुणाला थारा नाही.
वरचा हात सैल,
तिथं ते राहतात, अब्जांनी,
हवेवाचून जगणारे,
आपल्या पानात उरतं ते खाणारे.
ज्वारीचा कोंडा, हरभऱ्याचं टरफल, घेवड्याची शीर.
खाऊन ते आंबूस काहीतरी मागे सोडतात,
तेच भिंतीतल्या पेशींचं जेवण,
आणि चंबूंनाही त्यानंच भरायचा हुरूप येतो.
म्हणजे भाडेकरूच गवंड्याचा पगार देतो.
वरून काहीच आलं नाही
तर तोच भाडेकरू लिंपण चाटायला लागतो.

एखादा चंबू खळगीच्या तोंडाशी पहाऱ्याला असतो.
कुणी आतल्या हातापर्यंत घुसलं की त्याला कळतं.
एका दमात रिता होतो,
शेजाऱ्यांना सांगतो, ओता,
आणि भिंतीतून सुटून वाहून जातो.
पुस्तकात त्याचा फोटो आहे.
माझ्या काचेवर तो कधी सापडला नाही.
लिंपणही सापडत नाही, फॉर्मॅलिनमध्येच आक्रसतं.
उरतात ते घडे. त्यावरून ओल ओळखायची.

मंगळवारचा ब्लॉक, सातशे बारा.
तिळाएवढे तीन तुकडे.
रायाप्पा ऐवळे, वय एकाहत्तर, हरिपूर.
नावावर बोट ठेवून दोनदा वाचलं.

मामा हळदीच्या पेवांत उतरायचा.
वीस फूट खाली, गळ्याएवढं तोंड, पोटात खोलीभर अंधार.
तोंडावरची माती काढली तरी लगेच कुणी उतरत नसे.
आधी दोरीनं कंदील.
ज्योत विझली की वर ओढायचा, बिडी ओढायची,
तासाभरानं पुन्हा सोडायचा.
भिंतींना शेणमातीचं लिंपण त्याच्याच हातचं.
"रिकामं पेव ठेवू नये," तो म्हणायचा,
"किडं मग भित्ताडच खात्यात."
नदी चढली त्या साली पेवं बुजली.
मामा वर राहिला, नुसताच वर.

काचेवर निळं फार थोडं होतं.
चार-दोन चंबू, अर्धे.
बाकी रांग सपाट, खळग्या वाकड्या,
आणि लाल, नको तितकं लाल.
मी पुन्हा एक काच रंगवली.
रंग जुना असेल म्हणून नवा काढला.
तेवढंच निळं.

रिपोर्ट मी लिहीत नाही, सर लिहितात.
तो घ्यायला मामा शनिवारी आला,
पिशवीत माझ्यासाठी शेंगा, भाजलेल्या, अजून गरम.
"काय दिसलं?"
मला शब्द आठवेनात. जे आठवले ते इंग्रजी होते.
सर जेवायला गेले होते.
मी त्याला स्टुलावर बसवलं, काच लावली.
त्यानं आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर.
बराच वेळ काही बोलला नाही.
बोटं टेबलावर फिरत होती,
ओल बघतात तशी.

मग डोळा न काढताच म्हणाला,
"आदूगर कंदील सोडला हुतास का, पोरी?"