जिऱ्याएवढा

चूळ भरली आणि पाणी डावीकडून गळून गेलं,
आधी बनियनवर, मग फरशीवर.
आरशात बघितलं, तर कपाळाची डावी बाजू
इस्त्री केल्यासारखी. एकही घडी नाही.
एकोणतीस वर्षं घड्याच मोडतोय,
म्हणून आधी तेवढंच दिसलं.

शीतलामाता बाजारात मी साड्या दाखवतो.
पदर झटकायचा, आपल्याच खांद्यावर टाकायचा आणि हसायचं.
हसणं पगारात धरलेलं आहे.
तिसऱ्या दिवशी हट्टानं दुकानात गेलो
तर देवासची एक बाई गादीवरून उठली,
"भिया, नहीं लेना तो नहीं लेना, मुँह क्यों बिगाड़ते हो?"
चोरडिया शेठनी मला गोदामात बसवलं, अस्तरं मोजायला.

एम.वाय.त शितूतबाईंनी माझ्या तोंडावर
बोटानं नकाशा काढला.
हा डोळ्याभोवतीचा गोल, हा डोळा मिटतो.
उघडणारा निराळा, त्याची नसही निराळी, तो शाबूत.
म्हणजे बघा, तुमचं उघडणं राहिलं, मिटणं गेलं.
हा गालातला चपटा, घास दातांखाली ढकलणारा. गेला.
कानशिलावरचा आणि जबड्यातला, हे दोघे चावणारे,
त्यांना काही पत्ताच नाही.
एवढी माणसं राबत होती एका चेहऱ्यात
आणि माझी एकाशीही ओळख नव्हती.

चावता येतं. पण पोह्यांचा घास
गालाच्या खिशात जाऊन बसतो,
सेव, डाळिंबाचे दाणे, सगळी उधारी तिथं साठते
आणि बोट घालून काढावी लागते.
मालिनी तेव्हा ओट्याकडे वळून
पुसलेलंच पुसते.

व्यायाम दिवसातून तीनदा.
शिट्टी वाजवा. गाल फुगवा. घाण वास आल्यासारखं करा.
राग आल्यासारखं करा.
मी आरशासमोर उभा राहून
कुणावरच नसलेला राग काढतो,
तोही अर्धा.
लहानपणी कान हलवून पेपरमिंटच्या गोळ्या जिंकायचो,
तेही करून बघितलं. उजवा हलला,
डाव्यानं ओळख दिली नाही.

रात्री ती डोळ्यात मलम घालते,
पापणी खाली ओढून कागदी पट्टी लावते,
निऱ्या धरल्यासारखी, बोटांच्या टोकांनी.

एक गोष्ट मी बरेच दिवस सांगितली नव्हती.
डावा कान वाढला होता.
वाटी ठेवली की घंटा, कुकर म्हणजे इंजिन.
मेव्हण्यानं हवापालट म्हणून सराफ्यात नेलं,
कुणीतरी कढईच्या काठावर झारा आपटला
आणि मी गर्दीत कान धरून खाली बसलो,
शाळेतल्या शिक्षेसारखा.
शितूतबाई म्हणाल्या, कानाच्या आत एक स्नायू असतो,
अंगातला सगळ्यात छोटा, जिऱ्याएवढा.
मोठा आवाज आला की इवल्या हाडाला मागं ओढून धरतो.
त्याचीही नस तीच. तोही निजलाय.

त्यांना मी हे सांगितलं नाही की
मी मुद्दाम उजव्या कुशीवर झोपतो,
डावा कान वर, उघडा.
पंख्याच्या आड, मागच्या उशीवर मालिनी पुटपुटते.
आधी हिशेब. दूध, मलम, पोरीची फी.
मग थांबते. मग अगदी जिभेच्या टोकानं,
"मिटेल रे. मिटेल."
बावीस वर्षांत ती मला अरे म्हणालेली नाही.
डोळा म्हणते की सगळंच,
विचारायला मी जागा आहे हे कळू द्यावं लागलं असतं.

सातव्या आठवड्यात कपाळावर एक बारीक मोड आली.
त्याच्या आधी, एका सकाळी,
कुकरची शिट्टी नुसती शिट्टीच झाली.
शितूतबाईंनी फाईलवर काहीतरी आनंदानं लिहिलं.

त्या रात्री उजव्या कुशीवर पडलो.
पंखा. खाली कुणाची तरी स्कूटर.
मागं काहीतरी हललं, ओठ असतील, किंवा चादर.
"काय म्हणालीस?"
"कुठं काय," ती म्हणाली. "झोपा."