लतनाची आई

आई आली तेव्हा सरोवरावर धुराचे खांब उभे होते.
"आग लागलीय कुठंतरी," ती गाडीतूनच म्हणाली.
आग नाही गं, चिलटं आहेत ती,
पाण्यातून कोटीकोटींनी उठतात.
वारा इकडे फिरला की बायका टोपल्या घेऊन धावतात,
थापून वड्या करतात, भाजून खातात.
"तूही?"
मी गिअर बदलला.

तेवीस किलोंत तिनं जालना आणलं होतं:
काळा मसाला, कुरडया, सुती धोतराच्या फडक्यात लोणचं,
यशोदीपसाठी स्वेटर
(इथे, जिथे दुपारी मेणबत्त्या वाकतात),
आणि बाबांनी बांधून दिलेली वर्तमानपत्रं,
शब्दकोडी तेवढी माझ्यासाठी कोरी ठेवलेली.

पहिल्याच दिवशी तिनं मच्छरदाणीची भोकं मोजली.
दवाखान्याच्या मागचा पंप पाहिला,
रांगेतल्या बादल्या, त्यात माझी निळी.
"सहा वर्षं त्याची सेवा करतेयस,
एक नळ मागता आला नाही त्याच्याकडे?"
यशोदीप हसला. मी नाही हसले.
मी रोज तेच मागत होते.

संध्याकाळी अंगणात बायका आल्या.
झिओने पुढे, मागे म्हातारी एलेस्टिना,
गुडघ्यांवर बसून हलक्या टाळ्या वाजवत, अशी इथली रीत.
आईला वाटलं भजन सुरू होतंय,
तीही पदर सारखा करून टाळ्या वाजवू लागली.
मग तिच्या मांडीवर कुणीतरी जिवंत कोंबडी ठेवली.
ती तशीच बसून राहिली,
शेजारणीचं बाळ धरावं तशी धरून.

एलेस्टिना बोलली, नेहमीसारखी सावकाश:
आम्हाला वाटायचं, या दोघांना मागे कुणीच नाही.
माणसं असलेली माणसं
एवढ्या लांब कशाला येतील?
तुला मलेलिया झाला, सात दिवस डोळे उघडले नाहीस,
तेव्हा आम्ही चिंचेखाली बसून हेच बोललो,
निरोप कुणाला धाडायचा.
आता कळलं. तुला आई आहे.

"काय म्हणतायत?" आईनं विचारलं.
म्हटलं, म्हणतायत, कोंबडी अंड्यावर आलेली आहे.

इथे बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारतात.
मला ते नाव नव्हतं. सहा वर्षं मी नुसती सिस्टर होते.
दुसऱ्या दिवशी पंपावरून पोरं ओरडली,
"अमायी आ लतना! अमायी आ लतना!"
आणि आई वळली,
इतकी पटकन, जणू जन्मभर तिला हेच म्हणत आलेत.
रत्नाचं लतना झालं होतं, त्याचं तिला काही वाटलं नाही.
मला वाटलं. माझं नाव
कुणाच्या तरी अंगणातून येताना
मी प्रथमच ऐकत होते.

तीन आठवडे ती झिओनेबरोबर मासळी वाळवत बसली,
चांदीच्या सुयांसारखी बारीक मासळी, गवताच्या मांडवावर.
दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता.
भांडण मात्र झालं एकदा, मिठावरून,
आणि मिटलंही, मला न बोलावता.

जायच्या आदल्या रात्री दिवा बारीक करून
ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
"मलेरिया हा शब्द, रत्ना,
सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो."
मी झोपल्याचं सोंग केलं.
तिनं पांघरूण माझ्या पायांवर ओढलं, उकाड्यात,
आणि मी ते राहू दिलं.

विमानतळावर ती रडली नाही.
सिक्युरिटीच्या रांगेतून मागे वळून एवढंच ओरडली,
कोंबडी कापू नका.

कोंबडी आहे. स्वेटर आहे.
यशोदीपनं शब्दकोडं सोडवायला घेतलं,
एक आडवा शब्द अडलाय, चार अक्षरी.
पंपावर बायका विचारतात, लतनाची आई पुन्हा कधी?
त्यांच्या भाषेत त्याला एक उत्तर आहे,
ज्याचा अर्थ "येईल" असाही होतो
आणि "बघू" असाही.
मी ते देते, आणि बादली उचलते.