ठिकाणाचा रकाना

शनिवारी दुसऱ्या पाळीआधी, उद्यमबागेतल्या टपरीवर
हुक्केरी वेल्डिंग रॉडच्या खोक्याचा पुठ्ठा फाडतो
आणि पेन्सिलीनं रकाने आखतो.
बेरीज कन्नडात पुटपुटतो,
हातचा मराठीत धरतो.

निघायचं : पावणेसहा, पिरनवाडी नाका.
गाड्या : दोन. आंतोनची नको, ऑइल गळालंय.
नाष्टा : किणये ओलांडल्यावर, आधी नाही,
मागच्या खेपेला पुरी-भाजीनं तास खाल्ला.
सामान : वेताच्या पाट्या, जळवांना मीठ,
बारका चाकू, जुनी वर्तमानपत्रं.
प्लास्टिकची पिशवी कुणी आणली
तर त्याला कुसमळीच्या पुलावर उतरवायचं.
अळंबीला तिच्यात घाम फुटतो,
दुपारपर्यंत नुसता काळा लगदा.

पाऊस : चार दिवस झड, काल ऊन, रात्री गडगडाट.
"वारुळं उकलली असणार बघ," हुक्केरी म्हणतो.
त्याच्या भाषेत अणबे, आमच्यात अळंबी,
आंतोन आळमीं म्हणतो नि डोळे मिटतो,
जणू रस्सा समोरच आहे, खोबऱ्याचा.

खायची कुठली, यावर वाद नाही.
कॅम्पातल्या हिरवळीवरची गोरीपान छत्री
आंतोनच्या मेव्हण्यानं गेल्या साली तळली होती.
तीन रात्री सिव्हिलमध्ये, सलाईनला बांधलेला.
तेव्हापासून आमचा नियम एकच :
वारुळाची, लांब मुळाची, ओळखीची.
शंका आली की फेकायची.
भीमगडाच्या पाटीपलीकडे पाऊल नाही,
गार्ड ओळखीचा असला तरी.

एवढं सगळं झालं.
राहिला एक रकाना : ठिकाण.

तिघेही चहाच्या ग्लासांकडे बघतो.

गेल्या श्रावणात जांबोटीच्या पुढं
डाव्या हाताला, करवंदीच्या जाळीमागं
मला दिसलं होतं ते वारूळ,
कमरेएवढं, अंगभर पांढऱ्या कळ्या फुटलेलं.
शेजारच्या गवताला गाठ मारलेली होती, ताजी,
आणि खाली दगडावर चिमूटभर हळद.
गाठ मी पाहिली. हळदही पाहिली.
"कुणीतरी पूजा केली असंल," म्हणालो
नि हेल्मेट काढलं, पाटी आधीच भरलेली.
चपला मात्र काढल्या नाहीत.

परतताना जांबोटीच्या वळणावर
एक बाई बसली होती, कुंभ्याची पानं मांडून,
पानांवर काहीच नाही.
नाव विचारलं. द्रुपदा.
"आज नाही काय, मावशी?"
"होती की," ती म्हणाली, "काल संध्याकाळी बघून आले,
अजून मिटलेली होती. गाठ मारून ठेवली.
सकाळी सातेरीच्या पाया पडून काढणार होते."
मग माझ्या मांडीवरच्या हेल्मेटकडे बघितलं,
जरा जास्त वेळ.
"छान भेटली तुम्हास्नी," म्हणाली.
ओरडली नाही. तेवढंच.

घरी बायकोनं कांदा-मिरचीवर परतली,
मुलगा म्हणाला, मटणासारखी लागते.
मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
तेही खरंच आहे.

हुक्केरी पेन्सिलीचं टोक कानात घालतो.
"तीच जागा लिहू काय? तुला वाट म्हाईत आहे की."
वाट मला गाडीच्या मीटरसकट माहीत आहे.
आंतोन म्हणतो, तिला पैसे देऊया.
हुक्केरी म्हणतो, कशाचे? मागच्या वर्षीचे?
काय भावानं?

भोंगा होतो.
मी पुठ्ठा ओढून घेतो
आणि त्या रकान्यात लिहितो : जांबोटीचं वळण,
सात वाजता. आधी तिला विचारायचं.

"नको म्हणाली तर?"

उत्तर मला सुचत नाही.
पाट्यांपुढचा तीनचा आकडा खोडून
मी एक करतो,
मग पुन्हा दोन.