फार

पाटीवर अजून ‘क्वाद्रोस आणि पुत्र’.
पुत्र दोघेही स्विंडनला, गोदामात रात्रपाळी करतात.
म्हापशात उरलाय बाप,
लोखंडी जाळी, साखळीत ओवलेल्या बंदुका
आणि एक खुर्ची,
जी गिऱ्हाईक बघून पुढे सरकते.

पर्वरीच्या डॉक्टरसाठी सरकली,
त्याला छऱ्र्यांची बंदूक हवी होती, हौसेला.
सोडाही आला त्याच्यासाठी, थंड.
शेवंतीमावशी उभी.
चादरीत गुंडाळलेली एकनळी तिच्या खांद्यावर
बसमध्ये झोपलेल्या पोरासारखी.

मी आलो होतो नुसते कागद वाचायला,
तर क्वाद्रोस बोलतो माझ्याशीच:
“एकनळी कोण घेतो आता, बाब?
चार हजार देतो. तेही ओळखीखातर.”
“विकायला कोणी आणलीय?” मावशी म्हणाली.
“चौदा महिने वाळपई-पणजी केली,
आता लायसन माझ्या नावावर आहे.
दर मला सांग.
गंज काढायचे किती, आणि काडतुसं दहा.”

गंज निवडणुकीतला.
आचारसंहिता लागली की हिला ठाण्यात ठेवायची,
पावती जपायची, निकालानंतर आणायची.
“मत मी दिलं,” मावशी म्हणाली, “गंज हिला चढला.”
डॉक्टर हसला. क्वाद्रोस नाही.

“गंजाचे बाराशे. काडतूस एकशेचाळीसला एक.”
“फार.”

आमच्या बोलीत फार म्हणजे बंदुकीचा बार,
शाळेच्या मराठीत फार म्हणजे जास्त.
तिने दोन्ही एकदम काढले.
जाळीमागचा म्हातारा जरासा दचकला.

मग तिने काडतूस उचललं,
बांगड्याचा गाल उघडून बघावा तसं बूड बघितलं,
नाकाशी नेलं.
“हे हिरवं काय?”
“पितळ गो ते. पितळ हिरवं होतंच.”
“मग हिरव्याचा दर सांग.”

दहा म्हणजे काजू संपेपर्यंत.
आठवड्याला एक, तोही आभाळात.
माकडं पळतात, माजिकाच्या भाटात जातात,
माजिक त्याचा फार काढतो, की परत आमच्याकडे.
अशी वर्षं गेली.
कोणाला काही लागलेलं मला आठवत नाही.

ती पायरी उतरली.
त्याला माहीत, तिला माहीत
की पुढचं दुकान मडगावात.
तरी उतरली, एक, दोन;
तिसरीवर थांबून पदर नीट करत राहिली
गरजेपेक्षा बराच वेळ.

“मावशे, यो गो. नळी तरी बघू दे.”

त्याने बंदूक मोडली, बल्बकडे धरली,
एक डोळा मिटला आणि तसाच राहिला.
मग म्हणाला, “ही मीच विकलेली.
तुझा घोव सकाळी आला तो दुपार झाली तरी
शंभर रुपयांवर अडून.”
“तू जेवायला घातलंस म्हणाला होता. सुंगटांची कढी.”
“बायकोने घातलं.”
“खारट होती म्हणाला.”
“होती,” क्वाद्रोस म्हणाला.

गंजाचे आठशे झाले. काडतूस एकशेवीसला.
खुर्ची जाळीच्या या बाजूला आली.
मावशी बसली नाही.
“बसले की दर वाढतो,” मला म्हणाली हळूच,
आणि तो रॉकेलच्या बोळ्याने नळी घासत होता
तेवढा वेळ उभीच राहिली,
पायावरचा भार बदलत.

नंतर वही. नाव, गाव, नंबर, सही.
तिने सही केली तेव्हा त्याने
पेनचं टोपण हातात धरून ठेवलं,
नोटरीच्या कारकुनासारखं.

वाळपईच्या बसमध्ये शेजारची बाई
चादरीकडे बघत राहिली डिचोलीपर्यंत.
“रिपेरीक किते घेतले?”
“सगळं धरून अठराशे,” मावशी म्हणाली.
दिले होते दोन हजार.
मी खिडकीबाहेर बघितलं.