बिघाड

सेलूच्या बसस्टँडला लागून माझी टपरी.
आत मी, एक पंखा, आणि पन्नासेक मोबाईल,
कुणाची काच गेलेली, कुणाचा आवाज.
एकोणीस वर्षं दुरुस्तीच करत आलो.
परवा पहिल्यांदा कुणी म्हणालं,
"दादा, ह्याच्यात जरासा बिघाड करून द्या."

गौतमाबाई. आशाताईचं काम करतात.
मोबाईल पदरात गुंडाळून आणलेला,
आजारी पिल्लू आणावं तसा.
"यशपालला कळू देऊ नका. आपोआप गेला म्हणते.
दहावीचं वरीस, लेकरू रातभर डोळे फोडतंय.
हाक मारली की वसकन अंगावर येतंय."

हा मोबाईल माझ्याच हातचा.
शाळा बंद होत्या त्या वर्षी हप्त्यावर दिलेला.
तेव्हा अख्खी शाळा ह्या काचेत शिरली होती.
पुढं शाळा बाहेर आली,
फळा आला, घंटा आली,
पोरं काही सगळी आली नाहीत.

आणि येऊन जातील कुठं?
स्टेशनमागच्या मैदानात चुन्याच्या रेघा,
प्लॉट नंबर एक ते चाळीस.
उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.
दीड जीबी मात्र रोज येतो,
नळासारखा आठ दिवसाआड नाही.
तोही मीच टाकून देतो.

उघडण्याआधी चालू करून बघायची माझी सवय.
गजर होता लावलेला, रोजचा, दोन पस्तीसचा.
त्याला नाव दिलेलं: 'पप्पा चहा'.
कॉलच्या यादीत पावणेतीन, पावणेतीन, पावणेतीन.
चार मिनिटं. सहा मिनिटं. एकदा अकरा.
चाकणला बापाची रातपाळी,
मधली सुट्टी तेवढीच.

डोळा लागू नये म्हणून पोरगं
तोवर अंगठा चालवत बसत असेल.
आणि चार मिनिटं संपल्यावर
झोप कुठली यायला.
खोटं कशाला बोलू,
सगळेच तास काही बापाचे नव्हते.
दुपारचे होते, शाळेतले होते,
एका रविवारी तर अकरा तास.

विचारलं, "यशपालचे पप्पा फोन करतात ना?"
"करतात की. रविवारी. माझ्या फोनवर."
चिमटा हातातच राहिला.
"पार्ट परभणीहून येईल," मी म्हणालो,
"दोन दिवस राहू द्या इथं."
त्यांनी मान हलवली, पैसे किती ते विचारलं,
आणि उन्हात गेल्या.

रात्री लाईट गेलेली. गच्चीवर पडलो होतो.
बंद शटरआड, ड्रॉवरमध्ये,
स्क्रूंच्या डबीशेजारी
तो आता थरथरत असेल, असं वाटलं,
म्हणून वेळ बघितली.
दोन सत्तेचाळीस.

बॅटरी नऊ टक्के होती माझ्या मोबाईलची.
झोपायला आलो तेव्हा
पूर्ण भरलेली होती.