डावा मेलाय

दुकानाबाहेर, तिसऱ्या मजल्यावरच्या एंडेलने
काचेवर टकटक केली. म्हणाला, "डावा मेलाय."
एवढंच. बटाट्यांची पिशवी उचलून चालू लागला.
अकरा वर्षांच्या शेजारात
हे त्याचं माझ्याशी सर्वांत मोठं संभाषण.

मी आधी आरशात माझा डावा गाल पाहिला.
मग कळलं, गाडीबद्दल बोलत होता.

कधीपासून मेला असेल?
आपला ब्रेकचा दिवा आपल्याला दिसत नाही कधीच.
वोरूच्या रस्त्यांवर मी आठवडाभर
अर्ध्या तोंडाने सांगत फिरत होते, थांबतेय, थांबतेय,
आणि मागचे लोक समजून घेत होते,
किंवा काचा लावून शिव्या घालत होते.

शनिवार. उणे चार. वय एकोणपन्नास,
लायसन्स सात महिन्यांचं.
गाडीचं पुस्तक जर्मनमध्ये,
आणि आधीच्या मालकाने कॉफी सांडलेली
नेमकी फ्यूजच्या तक्त्यावर.

पहिली अडचण वेगळीच निघाली :
दाबायला पाय आत हवा, बघायला डोळे मागे.
घरात मी एकटी. राइवो तुर्कूला, बांधकामावर;
आधी दर पंधरवड्याला यायचा.
मग बर्फ लोटायचा झाडू आणला,
दांडी पेडलवर टेकवली, बूड सीटला,
सीट पुढे ओढली, खटकन.
झाडू माझ्या वतीने ब्रेक दाबून बसला,
मुकाट्याने, माझ्या कुठल्याही माणसाने बसला नसता इतका.

मागे गेले. बर्फाच्या ढिगावर
उजवीकडे लाल डाग.
डावीकडे नुसता बर्फ.

बल्ब काढला. कानाशी धरून हलवला, अंडं हलवतात तसा.
तार शाबूत दिसली, तरी नवा आणला, दोन युरो चाळीस.
त्याच्या दोन खुंट्या एका उंचीच्या नाहीत,
बसवणारी बाई चुकणार हे कारखान्यात कुणीतरी
आधीच ताडलेलं.
बसला. लागला नाही.
फ्यूज शोधला, चिमट्याने उपटला,
आणि उपटल्यावर डोक्यात उजेड पडला :
उजव्यालाही तोच पुरवतो, वेडे.
उजवा तर पेटतोय.

दुपार तीनलाच विझली.
अंधारात एक दिसलं, जे उजेडात दिसत नव्हतं :
झाडूने ब्रेक दाबलेला, आणि डावीकडे
ब्रेकचा सोडून बाकी सगळे दिवे
मंद तेवताहेत, पिवळा इंडिकेटरसुद्धा,
कुणी न बोलावता.

एंडेल कचरा टाकायला खाली आला.
झाडूकडे पाहिलं. काही विचारलं नाही.
डिकीतली चटई उचलून बोट ठेवलं :
एक तपकिरी वायर, एक स्क्रू,
वर गंजाचा जाड पापुद्रा.
"जाते," म्हणाला, "पण परतायला वाट नाही."
मी जरा वेळ काहीच बोलले नाही.
वीज, त्याला वीज म्हणायचं होतं.
तिची वाट गंजली की ती शेजारच्या दिव्यांच्या
घराघरांतून वळसा घालत जाते,
म्हणून हे भलतेच उजेड.
बल्ब बरोबर, तारा बरोबर, फ्यूज बरोबर,
फक्त अर्थ सुटलेला.

नखांची कानस आणली. स्क्रूखालचा पत्रा घासला,
चांदीसारखा होईपर्यंत,
बोटं माझी आहेत हे विसरेपर्यंत.
आवळला.
झाडू बाजूला काढला, आणि या खेपेला पाय माझा.

आरशात एंडेलचा चेहरा लाल झाला.
सोडला. काळा.
दाबला. लाल, दोन्ही गालांनी लाल,
नाकावरचा थेंबसुद्धा.
हसला नाही, हसत नाहीच तो.
"झालं," म्हणाला, आणि कचऱ्याची बादली घेऊन वळला.

मी आणखी तीनदा दाबला,
मागे कुणी नसताना,
बर्फावर आडव्या पडलेल्या झाडूवर.