मोजून अकरा

एकतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून
मी फक्त मागे पडत जाणारं बघितलं.
रावेर, निंभोरा, सावदा,
केळीच्या बागा, सिग्नलचे खांब,
आणि मांडीवर डबा, त्यात शकूच्या हातची गार पोळी.
स्वयंपाकघरात शिरलो तो बासष्टाव्या वर्षी,
रिपोर्ट हातात घेऊन.

रिपोर्ट तिचा.
जेवणानंतरची साखर दोनशे ब्याऐंशी.
डॉक्टर अत्तरदे म्हणाले, मैदा बंद.
तिनं मान हलवली,
पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं,
आणि विचारलं, "पास्तापण?"

हे कळायला तुम्हाला शकू माहीत पाहिजे.
वरणबट्टी झाली की फुटलेली बट्टी तिची,
शेवभाजी झाली की तळाचा रस्सा.
तुला काय आवडतं, असं तिला कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
मग वाकडला सुनेनं एका रात्री
पांढऱ्या सॉसमधला पास्ता वाढला,
आणि चोपन्न वर्षांची ही बाई
सगळ्यांसमोर ताट पुढं करून म्हणाली,
अजून दे.

तेव्हापासून भुसावळात दर रविवारी पास्ता.
मी नाक मुरडायचो,
ती खिडकीशी बसून सावकाश खायची,
एकेक नळी, शीळ वाजवावी तशी ओठांत धरून.

आता तेवढंच काढून घ्यायचं?

सून फोनवर म्हणाली, दुधीचा करा, बाबा.
लांब फिती काढायच्या, झालं.
झालं काय!
सालकाढण्यानं बोट सोललं,
दुधीनं कढईत तापी सोडली,
वर चीजचा तवंग, खाली पाणी.
शकूनं एक घास घेतला
आणि फार प्रेमानं म्हणाली,
"आजाऱ्याचं जेवण चांगलं जमलं तुम्हाला."

हमीदभाईला गाठलं,
रनिंग रूमचा जुना खानसामा.
त्यानं कहाणी ऐकली, चहा संपवला, म्हणाला,
"भो, भाजीला आधी रडू द्यायचं,
मग चुलीवर घ्यायचं."
मीठ लावून अर्धा तास.
जुन्या धोतरात घट्ट पीळ.
आच मोठी, आणि मिनिटभरच.
गिलकं नको, ते लगेच नरम पडतं.
गाजर चालेल, पण बेतानं.

सॉस मात्र माझा.
बामणोदची वांगी, गच्चीवर पऱ्हाट्यांच्या जाळात,
साल काळी, आत लोणी.
लसूण, हिरवी मिरची, कपभर दूध,
बडगीत ठेचून एकजीव.
पांढरा नाही झाला,
धुळकट झाला, वाघिणीच्या पत्र्यासारखा.
शेजारच्या नरखेडे वहिनी वासानं आल्या,
"काय करी राह्यले भाऊ? भरीत?"
मी म्हणालो, हो. नाही. म्हणजे,
पास्ता.
त्या बराच वेळ कढईकडे बघत राहिल्या.

शकूनं खाल्लं.
"पास्ता नाही हा," म्हणाली.
मी म्हणालो, नाहीच आहे.
दुधी कशाला खोटं बोलेल?
ती काही बोलली नाही.
मग ताट पुढं केलं.

आता रविवारी मी असंच करतो,
कधी पत्ताकोबीच्या लांब चिरा, कधी दुधी.
साखर एकशे साठच्या आसपास घुटमळते,
अप गाडी यार्डात थांबावी तशी.

आणि एक गोष्ट डॉक्टरांना सांगितलेली नाही.
तुरीच्या डाळीच्या डब्यामागं
मैद्याच्या नळ्यांचं अर्धं पाकीट आहे.
ते तिला माहीत आहे. मला माहीत आहे हेही.
महिन्यातून एकदा, पगाराच्या जुन्या तारखेला,
मी त्या उकळतो.
मोजून अकरा.
दुधीच्या गुंत्यात लपवून देतो.
ती काट्यानं शोधत बसते,
प्रत्येक सापडली की माझ्याकडं बघते,
डोळे बारीक करून, दहा वर्षांच्या पोरीसारखी.

दहा खाते.
अकरावी, काही न बोलता,
माझ्या ताटात टाकते.